आधी अंथरूण, मग पांघरूण!

रात्रीचे अडीच वाजलेत. डिसेंबरातला शनिवार. भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी दोन झाडांच्या मध्ये तुम्ही मस्तपैकी लटकलेले आहात. डोक्यावर तारे, कानात रातकिडे, संध्याकाळी टाकलेल्या फोटोला भरभरून लाइक्स. अंगात फ्लीस, त्यावर जॅकेट, त्यावर स्लीपिंग बॅग, चेन पार गळ्यापर्यंत ओढलेली. छाती गरम, पोट गरम. आणि पाठ? पाठ कुणीतरी फ्रीजच्या दाराला टेकवून ठेवल्यासारखी! कुशीवर वळलात की गार पडायची पाळी खांद्याची. तीन वाजता तुम्ही गुपचूप खाली उतरता आणि गाडीची मागची सीट गाठता.

ओळखीचं वाटतंय ना? हॅमक घेतलेल्या निम्म्या मंडळींची पहिली हिवाळी रात्र अशीच जाते. सोमवारी ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये प्रश्न येतो, ‘अजून जाड स्लीपिंग बॅग कुठली घेऊ?’ आणि इथेच सगळं चुकतं. जाड बॅग घ्या, आणखी जाड घ्या, पगारातला मोठा तुकडा तिथे ओता, पाठ तेवढीच गार राहणार आहे.

आपल्या भाषेत दोन झकास शब्द आहेत. अंगावर घेतो ते पांघरूण आणि अंगाखाली घालतो ते अंथरूण. स्लीपिंग बॅग विकणारा तुम्हाला पांघरूण विकत असतो. हॅमकमध्ये थंडी येते ती अंथरुणाच्या बाजूने. एवढं एक डोक्यात बसलं की पुढची सगळी खरेदी सोपी होते, आणि स्वस्तही.

आता थोडं फिजिक्स, घाबरू नका! स्लीपिंग बॅग स्वतः गरम नसते. तिच्या आतला कापूसवजा पॉलिएस्टर किंवा पिसं (यालाच डाऊन म्हणतात) हवा अडकवून ठेवतात, आणि ती अडकलेली हवा तुमच्या शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. बॅग फुगलेली असते तोवर हे जमतं. तुम्ही त्यावर आडवे झालात की पाठीखालचा भाग पापडासारखा चपटा होतो. हवा गेली, ऊब गेली. तंबूत हे फारसं जाणवत नाही, कारण तिथे पाठीखाली मॅट असते आणि मॅटखाली जमीन. हॅमकमध्ये पाठीखाली असतं पातळ नायलॉन आणि त्याच्या खालून सतत वाहणारा वारा. चहा बशीत ओतून फुंकर मारावी तसा तो रात्रभर तुमच्या पाठीवर फुंकर मारत असतो. म्हणून तर बाहेर फार गारठा नसतानाही, साधारण २० अंशांच्या खाली पारा गेला की हॅमकमध्ये पाठ कुरकुरायला लागते. २० अंश म्हणजे पुणेकराला स्वेटरसुद्धा आठवत नाही असं हवामान!

स्लीपिंग बॅगच्या लेबलवरचा आकडाही इथे फसवतो. चांगल्या कंपन्या आयएसओ २३५३७ या स्टॅण्डर्डप्रमाणे तापमान छापतात. ‘कम्फर्ट’चा आकडा सर्वसाधारण स्त्रीला आरामात झोप लागेल असा, आणि ‘लिमिट’चा आकडा सर्वसाधारण पुरुष अंग आकसून कशीबशी रात्र काढेल असा. दुकानदार ठळक अक्षरात कुठला दाखवतो ते सांगायला नकोच. पण खरी गंमत पुढे आहे. ही टेस्ट करताना बॅगेत जो पुतळा झोपवतात, त्याच्या खाली मॅट असते. म्हणजे लेबलवरचं ‘५ अंश’ हे बॅग अधिक मॅट असं मिळून आहे. तुम्ही मॅट घरी ठेवून हॅमकमध्ये शिरलात की त्या आकड्याचा आणि तुमचा संबंध संपला.

हे सगळं आपल्याकडच्या बायांना कधीपासून ठाऊक आहे. शेतात कामाला आलेली आई लिंबाच्या फांदीला जुन्या साडीची झोळी बांधते आणि बाळ ठेवण्याआधी तळाला गोधडीची घडी घालते. अंगावर एखादं फडकं टाकलं तर टाकलं, पण तळाची गोधडी चुकत नाही. हॅमक हा शब्द स्पॅनिश ‘हमाका’वरून आला, तो मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा. कोलंबस १४९२ साली तिथे पोचला आणि ही लटकती अंथरुणं पाहून थक्क झाला. पुढे ती जहाजांवर गेली, नाविकांची झाली. कॅरिबियनच्या उकाड्यात खालून येणारा वारा हे वरदान होतं. सह्याद्रीतल्या जानेवारीत तोच वारा वैरी. वस्तू तीच, हवा बदलली.

तर मग पाठीखाली घालायचं काय?

सगळ्यांत सोपा आणि खिशाला परवडणारा उपाय म्हणजे ट्रेकर मंडळींची लाडकी फोमची मॅट, जी गुंडाळून सॅकला बाहेरून बांधतात. काहीशे रुपयांत मिळते, पंक्चर होत नाही, दुपारी बसायला होते, आणि अंगाखाली दबली तरी तिच्यातली हवा तिच्या बारीक बुडबुड्यांत बंदच असते. तिचा एकच त्रास. हॅमकमध्ये ती सरकते. मध्यरात्री कूस बदलली की तुम्ही एकीकडे आणि मॅट दुसरीकडे. यावर तोडगा म्हणजे डबल लेअरचा हॅमक, ज्यात दोन कापडांच्या मधल्या कप्प्यात मॅट सरकवता येते. हॅमक अजून घ्यायचा असेल आणि थंडीतही वापरायचा असेल, तर डोळे झाकून डबल लेअर घ्या. वजन थोडं वाढतं, पण सरकत्या मॅटशी रात्रभर कुस्ती खेळण्यापेक्षा परवडलं. सिंगल लेअरवाल्यांनी मॅट स्लीपिंग बॅगच्या आत घालावी, तीही बऱ्यापैकी जागेवर राहते.

हॅमकमध्ये खांदे दोन्ही बाजूंनी कापडाला टेकतात आणि अरुंद मॅट तिथवर पोचत नाही. पाठ उबदार, खांदे गार! जुनी मॅट घरात पडली असेल तर तिचा हातभर तुकडा कापून खांद्यांखाली आडवा घाला. फुलीचा आकार होतो, दिसतो विचित्र, चालतो झकास. हवा भरायची मॅट असेल तर ती टम्म फुगवू नका. निम्म्याहून थोडी जास्त भरली की हॅमकच्या वळणाप्रमाणे वाकते. मॅटच्या लेबलवर ‘आर व्हॅल्यू’ नावाचा आकडा असतो. जितका जास्त तितकी ऊब जास्त, आणि दोन मॅट एकावर एक घातल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते. दोन साध्या मॅट मिळून एका महागड्या मॅटचं काम करू शकतात, हे दुकानात कुणी सांगत नाही.

आता शाही उपाय. त्याचं नाव अंडरक्विल्ट. म्हणजे हॅमकच्या आत न घालता बाहेरून, खालच्या बाजूला टांगायची रजई. तुमचं वजन तिच्यावर पडत नाही, त्यामुळे ती दबत नाही, फुगलेली राहते आणि पाठीखाली उबदार हवेचा थर धरून ठेवते. मॅटचा कडकपणा नाही, सरकासरकी नाही. ज्याने एकदा चांगल्या अंडरक्विल्टवर रात्र काढली तो सहसा मॅटकडे परत जात नाही. अडचण अशी की आपल्याकडच्या दुकानांत ती सहजासहजी दिसत नाही. बाहेरून मागवायची म्हणजे वर कस्टम्सचं झंझट.

म्हणून देशी जुगाड! घरातली पॉलिएस्टर भरलेली हलकी रजई घ्या. कापसाची नको, ती जड असते आणि दव पिऊन आणखी जड होते. गल्लीतल्या टेलरकाकांना सांगून तिच्या दोन्ही लांब कडांना नेफा घालून घ्या, परकराला असतो तसाच. नेफ्यातून इलास्टिकची दोरी ओवा आणि तिची टोकं हॅमकच्या दोन्ही टोकांना अडकवा. रजई पाळण्यासारखी खाली लटकते. दोन्ही निमुळत्या बाजूंना नाडी ओढून तोंडं आवळायची, नाहीतर एकीकडून वारा शिरून दुसरीकडून ऊब घेऊन जातो. टेलरकाका एकदा चष्म्यावरून बघतील, पण शिवून देतील.

खरी मेख आहे फिटिंगमध्ये. रजई फार सैल टांगली तर पाठ आणि रजई यांच्यात पोकळी राहते आणि तिथे वारा फिरतो. फार ताणली तर ती दबते, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हॅमकमध्ये आडवं व्हा आणि मित्राला खालून हात फिरवायला सांगा. रजई कापडाला नुसती टेकलेली हवी, मध्ये फट नको आणि रजई चपटीही नको. रात्रीच्या अंधारात हे जमत नाही, उजेड असतानाच करून ठेवा. पूर्ण लांबीची रजई नसेल तरी हरकत नाही. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची पुरते, पायांखाली मॅटचा तुकडा टाकायचा.

काहीच शिवायचं नसेल तर अजून एक आयडिया. ज्या स्लीपिंग बॅगला पायाच्या बाजूनेही चेन उघडते, तिच्यातून अख्खा हॅमकच ओवून घ्या, बाहीतून हात घालावा तसा. मग बॅग हॅमकच्या बाहेरून गोल बसते आणि खालचा भाग दबत नाही. आत शिरताना थोडी सर्कस होते, आणि रात्री एक नंबरला उठायचं झालं तर आणखी मोठी सर्कस, पण फुकटात अंडरक्विल्टचं काम होतं.

गाडीच्या काचेला उन्हात लावतो तो चकचकीत सनशेड पाठीखाली घालणारेही बरेच आहेत. वारा अडतो, सौम्य थंडीत चालून जातं. मात्र नुसत्या चांदीसारख्या पातळ ‘इमर्जन्सी ब्लॅंकेट’वर झोपायला जाऊ नका. त्यातून घामाची वाफ बाहेर पडत नाही, पहाटे पाठ ओली होते आणि ओली पाठ म्हणजे दुप्पट गारठा. याउलट खालच्या वाडीत कुणाकडे मेंढीच्या लोकरीची अस्सल घोंगडी मिळाली, तर नाही म्हणू नका. टोचते, वजनदार असते, पण दवाने दमट झाली तरी ऊब सोडत नाही. धनगर मंडळी पावसापाण्यात ती उगाच खांद्यावर वागवत नाहीत.

पाठीचं झालं. आता हॅमकची निवड. बीच रिसॉर्टवर दोन लाकडी दांड्यांमध्ये ताणलेला जाळीचा हॅमक असतो ना, तो फोटोपुरता. कूस बदलली की उलटा होतो आणि जाळीच्या दोऱ्या अंगावर बारकोड छापतात. कॅम्पिंगसाठी पॅराशूटच्या कापडासारखं नायलॉन आणि टोकांना चुण्या घेऊन बांधलेला साधा हॅमक हवा. लांबी बघा. आठ-नऊ फुटी हॅमक स्वस्त असतात आणि म्हणूनच ऑनलाइन भरपूर दिसतात, पण त्यात माणूस केळ्यासारखा वाकतो. साधारण उंचीच्या माणसाला १० फूट, उंच असाल तर ११ फूट. लांब आणि रुंद हॅमकमध्ये तुम्ही मधल्या रेषेला थोडं तिरपं झोपू शकता. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. तिरपं झोपलं की पाठ जवळजवळ सपाट होते. हॅमकमध्ये कंबर धरते अशी तक्रार करणारी बहुतेक मंडळी सरळ झोपत असतात. पायाकडची बाजू डोक्यापेक्षा वीतभर वर बांधली की रात्री घसरून मध्ये गोळा व्हायला होत नाही.

मग बांधायचा कसा? नवशिका माणूस हॅमक तारेवरच्या कपड्यांसारखा ताणून बांधतो. दिसायला सरळ, छान. पण गणित बघा. तुमचं वजन ७० किलो आणि पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक पट्ट्यावर ७० किलोंचा ताण येतो. कोन १० अंशांवर आणला की तोच ताण २०० किलोंच्या घरात जातो. ५ अंशांवर ४०० किलो! शिलाई, बकल, झाड, कुणीतरी हार मानणारच, आणि तीही तुम्ही आत असताना. ३० अंश मोजायला ॲप नको. हाताचं पिस्तूल करा, तर्जनी आडवी, अंगठा वर. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत जी तिरपी रेष होते, तेवढा पट्ट्याचा उतार असावा. बसल्यावर हॅमक खुर्चीच्या उंचीवर आला पाहिजे, म्हणजे दीड फूट. त्याहून उंच टांगण्यात कसलंही शौर्य नाही. एकावर एक तीन हॅमक टांगून रील काढणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. वरचा पट्टा सुटला तर खालच्या दोघांचं काय होईल?

पट्टे किमान इंचभर रुंद, पॉलिएस्टरचे. नायलॉनचा पट्टा ओला झाला की ताणतो आणि पहाटेपर्यंत तुम्ही जमिनीला टेकता. बारीक दोरी तर नकोच, ती झाडाच्या सालीत रुतते आणि सालीखालूनच झाडाचं अन्नपाणी वाहत असतं. तुमच्या एका रात्रीसाठी त्याला जन्मभराचा व्रण कशाला? कॅराबिनर घेताना त्यावर किलोन्यूटनमध्ये आकडा कोरलेला आहे ना ते बघा. १ किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलो. किल्ल्या अडकवायच्या रंगीत कॅराबिनरवर जीव टांगू नका.

झाडं निवडताना तर डोळ्यांत तेल घाला. दोन झाडांत १२ ते १५ फूट अंतर, खोड मांडीएवढं जाड आणि झाड जिवंत. आंबा, जांभूळ, हिरडा ही भरवशाची मंडळी. शेवग्याचं लाकूड किती ठिसूळ ते आजीने सांगितलेलं असेलच. पांगारा आणि सावर यांना काटे, तिथे पट्टाही गुंडाळवत नाही. कोकणात सुरूच्या बनात मजा येते, पण नारळाखाली टांगून घेण्याचा मोह आवरा, नारळ पडताना हॉर्न वाजवत नाही. वर वाळलेली फांदी लटकत नाहीये ना, आग्या मोहोळ नाहीये ना, हे उजेडातच मान वर करून बघा. मोहोळ दिसलं तर आवाज, धूर, परफ्यूम काही नको, सरळ जागा बदला. आणि किल्ल्यावरचे जुने दगडी खांब, पडक्या भिंती, देवळाचे स्तंभ? चुकूनही नाही. ते उभे दिसतात ते वरच्या वजनामुळे, बाजूने ओढ बसली की कोसळतात, आणि कोसळतात ते आत झोपलेल्या माणसावर.

जागेचं अजून एक. पाण्याच्या अगदी काठावर फोटो भारी येतात, झोप येत नाही. गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून वाहत खोलगट भागात साचते. महाबळेश्वरात बघा ना, थंडीच्या लाटेत हिमकण दिसल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा लेकच्या, बाजारपेठेत मात्र त्याच पहाटे काही अंश बरं असतं. म्हणून काठापासून थोडं वर, उताराच्या मधल्या टप्प्यावर, झाडीच्या आडोशाला जागा बघा. उंचीचा हिशेबही ठेवा. दर हजार मीटरला पारा साधारण ६ अंश उतरतो. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, तर हरिश्चंद्रगड १४२४ मीटर. शहरात १२ दाखवत असेल तर वर ७ धरून चाला, वारा वेगळा.

वाऱ्यासाठी टार्प, म्हणजे वर ताणायची ताडपत्रीची नाजूक बहीण. हिवाळ्यात पाऊस नाही म्हणून लोक ती घरी ठेवतात. पण आपल्याकडे दव इतकं पडतं की पहाटे स्लीपिंग बॅग धुऊन काढल्यासारखी होते. शिवाय निरभ्र आकाशाखाली उघड्यावर झोपलं की अंगाची ऊब थेट आकाशाकडे जाते. टार्प हे दोन्ही अडवते. थंडीत ती तंबूसारखी खाली उतरवून, वाऱ्याच्या दिशेची कड जमिनीलगत आणून बांधा. तारे कमी दिसतील. बघून झाल्यावर ओढून घ्या की!

आता स्वतःच्या शरीराकडे. चालून घामेजलेला टी-शर्ट घालून झोपणं हा अर्ध्या थंडीचा उगम. झोपायचे कपडे वेगळे, कोरडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले. कोरडे मोजे आणि माकडटोपी. हो, माकडटोपीच! फॅशन अंधारात कोण बघतंय? झोपण्याआधी पिठलं-भाकरी पोटभर, वर गुळाचा खडा किंवा मूठभर शेंगदाणे, शरीराच्या शेगडीला रात्रभर कोळसा लागतो. बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, जुन्या मोज्यात घालून मांड्यांमध्ये धरा, ऊब सगळ्या अंगाला पोचते. लघवीला लागली असेल तर आळस न करता उठा, नाहीतर तासभर जागेच राहाल. तोंड बॅगेच्या आत घालून श्वास सोडू नका, आतून दमट होते. आणि हॅमकखाली निखारे ठेवण्याची आयडिया कुणी काढली तर त्याला जेवणाच्या भांड्यांच्या कामाला लावा. नायलॉन पेटायच्या आधी वितळतं आणि कातडीला चिकटतं.

‘दोन पेग मारले की थंडी पळते’ हे तर प्रत्येक ग्रुपमधलं ब्रह्मवाक्य. पळते ती ऊब. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, चेहरा गरम वाटतो आणि आतली उष्णता झपाट्याने बाहेर पडते. रात्री दोननंतर याचा हिशेब चुकता होतो.

हे सगळं केवळ गोड झोपेसाठी नाही, बरं का. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो, आणि त्यासाठी हिमालयच लागतो असं नाही. ओले कपडे, वारा आणि थकवा हे त्रिकूट सह्याद्रीतही पुरतं, पावसाळ्यात तर जास्तच. ग्रुपमधला कुणी न थांबता थडथडतोय, बोलताना अडखळतोय, साधी चेन लावता येत नाहीये, तर ‘काय नाजूक आहे’ म्हणून हसू नका. थडथडणं अचानक थांबलं आणि तो गप्प-गप्प झाला तर तो बरा झालेला नसतो, प्रकरण हाताबाहेर चाललेलं असतं. हॅमकमधून काढा, आडोशाला न्या, ओले कपडे उतरवून कोरडे घाला, खाली-वर दोन्हीकडून लपेटा, पूर्ण शुद्धीत असेल तरच गरम गोड चहा पाजा आणि डॉक्टरांकडे निघा. हॅमकमध्ये प्रत्येक जण आपापल्या कोशात एकटा असतो, शेजारचा कुडकुडतोय हे तंबूतल्यासारखं कळत नाही. म्हणून दिवे मालवण्याआधी ठरवून टाका, थंडी असह्य झाली तर बिनधास्त हाक मारायची. हाक मारणाऱ्याला सोमवारी चिडवायचं नाही.

परवानगीचंही बघा. भंडारदऱ्याचा बराचसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्यात, राखीव जंगलात, संरक्षित किल्ल्यावर मनाला येईल तिथे रात्र काढता येत नाही, आधी वनखात्याकडे किंवा गावात विचारावं लागतं. देवराईत तर गावकऱ्यांच्या होकाराशिवाय पट्टा बाहेरही काढू नका. तिथलं वाळकं पानसुद्धा उचलायचं नाही असा कित्येक गावांचा रिवाज आहे. गावाजवळ कुणाच्या आमराईत रीतसर पैसे देऊन टांगलात, तर सकाळचा चहाही मिळतो.

बजेटचं विचाराल तर माझा क्रम असा. दहा फुटी डबल लेअर हॅमक आणि रुंद पट्टे यांत तडजोड नाही. मग फोमची मॅट. मग टार्प. यानंतर एक-दोन रात्री काढून बघा. आवडलं तर टेलरकाकांकडे रजई घेऊन जा. नवीन महागडी स्लीपिंग बॅग सगळ्यांत शेवटी, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती वेळ येतही नाही, घरातली जुनीच बॅग उघडून अंगावर टाकली की भागतं.

आणि पहिली रात्र गडाच्या माथ्यावर नको. मित्राचं फार्महाऊस, मामाचं शेत, असं काहीतरी बघा, जिथे पन्नास पावलांवर दार आहे आणि दाराआड गादी. बिल्डिंगच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या खांबाला किंवा कठड्याला बांधून ट्रायल घेऊ नका, ते खांब माणूस लटकवायला बांधलेले नसतात. शेतावर दोन आंबे शोधा, बरोबर थर्मामीटर ठेवा आणि पहाटे पाचला जाग आली की आकडा वहीत टिपून ठेवा. शेजारी लिहा, पाठ कशी होती.